शर्टाच्या लेबलातली चिप आणि खिशातला फोन

साताऱ्यात पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत दिवाळीच्या तोंडावर कपड्यांच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. एखाद्या ब्रँडेड शोरूममधून आणलेल्या शर्टाचं लेबल उजेडाकडे धरलं, तर कधीकधी आत चंदेरी नागमोडी पट्टी दिसते आणि मधोमध मोहरीहून बारीक काळा ठिपका. पट्टी म्हणजे अँटेना, ठिपका म्हणजे चिप. बॅटरी नाहीच. रीडरच्या रेडिओलहरींवर ती जागी होते आणि आपला नंबर सांगते. आनेवाडीच्या टोलनाक्यावर चालतं ते हेच आरएफआयडी तंत्र. फास्टॅग आणि हे लेबल एकाच कुळातले, भारतात दोन्ही ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात. फरक एवढाच की काचेवरचा टॅग कशासाठी आहे, हे गाडीवाल्याला ठाऊक असतं.

या चिपवरून माणसाच्या खासगीपणाचा वाद पेटला. बारकोडवरून असा वाद झाला नव्हता. जून १९७४ मध्ये अमेरिकेत ओहायो राज्यातल्या एका सुपरमार्केटात च्युइंगगमचं पाकीट पहिल्यांदा स्कॅन झालं. पण बारकोड फक्त मालाचा प्रकार सांगतो. भारतातल्या कंपन्यांच्या मालावर ८९० ने सुरू होणारा आकडा असतो, आणि एकाच बिस्किटाच्या सगळ्या पुड्यांवर तो सारखाच. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात ऑटो-आयडी सेंटर हे संशोधन केंद्र सुरू झालं, तेव्हा हे बदललं. संजय सरमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांची कल्पना अशी, की प्रत्येक नगाला स्वतःचा नंबर द्यायचा आणि टॅग पाच सेंटांपर्यंत स्वस्त करायचा. दुकानदाराची सोय खरीच होती. खोकं न फोडता आतला माल मोजता येतो. पण नगाला नंबर मिळाला की तो नग घेऊन फिरणाऱ्या माणसालाही आपोआप एक नंबर चिकटतो.

ठिणगी पडली २००३ मध्ये. बेनेटन कंपनी दीड कोटी टॅग घेऊन कपड्यांत बसवणार, अशी बातमी मार्चमध्ये आली. ग्राहकांच्या खासगीपणासाठी लढणाऱ्या कॅथरिन अल्ब्रेक्ट यांच्या कॅस्पियन संघटनेने बहिष्काराची हाक दिली आणि काही आठवड्यांतच कंपनीने हात आखडता घेतला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या टेस्को सुपरमार्केटात जिलेटच्या ब्लेडची पाकिटं उचलली की कॅमेरा गिऱ्हाइकाचा फोटो काढतो, हे उघड झालं. जर्मनीत मेट्रो कंपनीच्या ऱ्हाइनबर्गच्या ‘फ्यूचर स्टोअर’मध्ये तर कळसच झाला. तिथल्या सवलत कार्डातच चिप होती आणि कार्ड बाळगणाऱ्यांना त्याची कल्पना नव्हती. २००४ च्या फेब्रुवारीत विरोधामुळे कंपनीला कार्डं मागे घ्यावी लागली आणि लोक दुकानासमोर निदर्शनालाही उभे राहिले. मला हा प्रकार बेनेटनपेक्षा गंभीर वाटतो, कारण सवलत कार्डाला माणसाचं नाव जोडलेलं असतं.

त्यानंतर नियम आले. २००४ च्या अखेरीस या टॅगांसाठी ठरलेल्या ‘जेन-टू’ मानकात चिप कायमची बंद करण्याची आज्ञा आहे. काउंटरवर पासवर्डसह ती दिली की टॅग मेला. युरोपीय आयोगाने २००९ मध्ये शिफारस केली, की गिऱ्हाइकाने संमती दिली नसेल, तर विक्रीच्या वेळीच टॅग बंद करावा. कागदावर चोख. प्रत्यक्षात माल बदलून द्यायचा तर तोच टॅग कामाला येतो, मग दुकानदार तो कशाला मारेल? शिवाय गिऱ्हाइकाला तपासायलाही मार्ग नाही. फोनमधलं एनएफसी, म्हणजे फोन टेकवून पैसे देण्याची सोय, १३.५६ मेगाहर्ट्झवर चालतं, या लेबलापुढे ते बहिरं. कात्री हाच खात्रीचा उपाय.

दरम्यान गिऱ्हाइकावर नजर ठेवायला दुकानांना लेबलाची गरजच कमी झाली. फोन वायफाय शोधताना आपला ४८ बिटांचा मॅक पत्ता, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळखक्रमांक, हवेत सोडत असे. नॉर्डस्ट्रॉम या अमेरिकी दुकानसाखळीने त्यावरून गिऱ्हाइकांची ये-जा मोजली आणि ओरड झाल्यावर २०१३ मध्ये ते थांबवलं. लंडनमध्ये त्याच वर्षी रस्त्यावरच्या कचरापेट्याही हेच करताना सापडल्या.

इथे मात्र सुधारणा झाली, कारण फोन आणि लॅपटॉपचं सॉफ्टवेअर बदलता येतं. ॲपलने २०१४ मध्ये शोधताना खोटा पत्ता वापरायला सुरुवात केली. ज्यांचा कोड कुणालाही पाहता येतो अशा खुल्या प्रणालींत, खासगीपणासाठी बनवलेल्या टेल्सने त्याच वर्षी पत्ता बदलणं आपोआप सुरू केलं, २०१६ मध्ये लिनक्स या खुल्या प्रणालीत जोडण्या सांभाळणाऱ्या नेटवर्कमॅनेजरमध्ये ती सोय आली. अँड्रॉइडचं गाडं रखडलं. सोय प्रणालीत होती, पण २०१७ मध्ये अमेरिकी नौदल अकादमीच्या संशोधकांना दिसलं, की अनेक फोनकंपन्यांनी ती चालूच केलेली नाही. कोड खुला आहे म्हणून हातातल्या फोनमध्ये तो चालतोच असं नाही. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून बदलता पत्ता मुळातच चालू आला. अँड्रॉइडच्याच खुल्या कोडवर उभी असलेली ग्राफीनओएस ही फोनप्रणाली दर जोडणीला नवा पत्ता देते.

आपल्याकडचा धागा मात्र वेगळाच आहे. बिलाच्या काउंटरवर ‘मोबाईल नंबर सांगा’ म्हटलं की आपण सांगतो, आणि लेबलाचा आकडा, बिल, माणूस तिन्ही एका ओळीत येऊ शकतात. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याने नंबरासाठी अडून बसू नका, असं दुकानदारांना कळवलं. त्याच वर्षी डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही झाला. दुकानाच्या मोफत वायफायवर ओटीपी टाकून शिरलं, तर फोनने पत्ता कितीही बदलला तरी नंबर आपणच दिलेला असतो.