एमएस, पीएचडीचं एलओआर कोणाकडून घ्यावं?

अमेरिकेतली बहुतेक विद्यापीठं एमएस-पीएचडीच्या अर्जासोबत तीन शिफारसपत्रं (एलओआर) मागतात, काही ठिकाणी दोन चालतात. पत्र तुम्ही अपलोड करायचं नसतं. अर्जात सरांचं किंवा मॅडमचं नाव, हुद्दा, ईमेल भरला की त्यांना लिंक जाते. ईमेल शक्यतो कॉलेजचा द्या. जीमेल असेल तर पत्र खरंच त्यांचंच का, अशी शंका येऊ शकते.

आपल्याकडे पहिली धाव एचओडी नाहीतर प्रिन्सिपॉलकडे असते. त्यांनी तुम्हाला शिकवलंच नसेल तर पत्रात 'हुशार, मेहनती, शिस्तप्रिय' यापलीकडे काय येणार? त्यापेक्षा बीईच्या प्रोजेक्टचे गाइड घ्या. कोड कुठे अडकला होता आणि तो कोणी सोडवला, हे त्यांनी पाहिलेलं असतं. पुण्यात पाषाणला आयसर किंवा एनसीएल या संशोधन संस्थांमध्ये प्रोजेक्ट केला असेल, तर तिथल्या मार्गदर्शकांचं पत्र पीएचडीसाठी सोडूच नका. रोजचं काम एखाद्या पीएचडीच्या विद्यार्थ्याने पाहिलं असेल, तरी पत्र लॅबच्या प्रमुखांच्या नावाने जावं. तपशील त्यांना तो पुरवेल. हिंजवडीत नोकरी करणाऱ्यांनी तिसरं पत्र मॅनेजरचं घ्यायला हरकत नाही. नातेवाईक किंवा घरोब्यातले प्राध्यापक मात्र नकोत.

'तूच लिहून आण, मी सही करतो' हे उत्तर पुण्यात सर्रास मिळतं. अशा वेळी शक्य असेल तर दुसरे सर गाठावेत, असं माझं मत. तिन्ही पत्रांची भाषा एकाच हाताची असली की वाचणाऱ्याला कळतं. पत्र नव्हे, मुद्दे लिहून द्या.

सोबत मार्कशीट, सीव्ही, एसओपीचा (हा कोर्स का करायचाय हे सांगणाऱ्या निबंधाचा) मसुदा, प्रोजेक्ट रिपोर्ट आणि विद्यापीठांची मुदतीसह यादी द्या. अर्जात 'पत्र पाहण्याचा हक्क सोडता का?' असा प्रश्न येतो. हा हक्क अमेरिकेतल्या 1974 च्या फर्पा या, विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक नोंदींबद्दलच्या कायद्याने दिलेला आहे. तो सोडलेलाच बरा, कारण गोपनीय पत्रावर जास्त विश्वास ठेवला जातो.

फॉलच्या (ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होणाऱ्या सत्राच्या) प्रवेशाच्या बऱ्याच मुदती डिसेंबरात संपतात, आणि आपल्या सेमिस्टरच्या परीक्षाही साधारण तेव्हाच. म्हणून गणपती उठले की विचारा. दिवाळीच्या सुट्टीत कोणी सापडत नाही. मुदतीच्या आठवडाभर आधी पोर्टल उघडून पत्र पोचलं का बघा. नसेल तर आठवणीचा मेल तिथूनच पाठवता येतो. तरी स्टाफरूममध्ये एक चक्कर माराच, लिंक कधीकधी स्पॅममध्ये पडलेली असते.