जपानमध्ये गाडी भाड्याने घ्यायची असेल, तर घरून निघण्याआधीच आयडीपी तपासा

जपानमध्ये भाड्याची गाडी घ्यायला तीन गोष्टी लागतात: पासपोर्ट, मूळ भारतीय लायसन्स आणि आरटीओने दिलेली आयडीपीची, म्हणजे आंतरराष्ट्रीय परवान्याची, छापील पुस्तिका. डिजिलॉकरमधलं लायसन्स किंवा पुस्तिकेचा मोबाइलवरचा फोटो तिथे चालत नाही. जपान रस्ते वाहतुकीच्या १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार दिलेलाच परवाना मानतो आणि भारत त्या करारात आहे. इंटरनेटवर घरबसल्या 'इंटरनॅशनल लायसन्स' विकणाऱ्यांच्या नादी लागू नका. तो कागद कुठल्याच सरकारने दिलेला नसतो.

अर्ज परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर भरायचा, नमुना ४अ, शुल्क १००० रुपये. हे सोपं आहे. लोक अडतात ते पुढे.

पहिली अडचण व्हिसाची. व्हिसा येईपर्यंत अर्जच करायचा नाही असं समजून लोक थांबतात आणि शेवटच्या आठवड्यात धावाधाव करतात. वास्तविक जानेवारी २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेने अर्जाच्या वेळी व्हिसा आणि वैद्यकीय दाखला असण्याची अट काढून टाकली. तरीही खिडकीवर व्हिसा मागितल्याचं अजून ऐकू येतं, आणि नियम बदलून इतकी वर्षं झाल्यावर लोकांना परत पाठवणं मला मुळीच पटत नाही. अधिसूचनेची प्रत सोबत न्या.

दुसरी अडचण नावाची, आणि ती बहुतेक बायकांच्याच वाट्याला येते. लायसन्स माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या. आधी लायसन्सवरचं नाव बदलून घ्या, मगच आयडीपीचा अर्ज करा. लायसन्सची मुदत संपत आली असेल तर तेही आधी नवं करून घ्या, कारण आयडीपी वर्षभराचा असला तरी लायसन्सच्या मुदतीपलीकडे चालत नाही.

पुस्तिका हातात आली की तिथेच उघडा. चारचाकीसाठी 'बी' वर्गापुढे शिक्का हवा. तो राहिला, तर टोकियोत पुस्तिका असून गाडी मिळणार नाही, आणि तिथून आरटीओ गाठता येत नाही.

नोकरीनिमित्त तिकडे राहणाऱ्यांनी एक मुदत नीट समजून घ्यावी. आयडीपीवर जपानमध्ये उतरल्यापासून जास्तीत जास्त एक वर्ष गाडी चालवता येते. तिथे रहिवासी म्हणून नोंद असेल, तर गणपतीला पंधरा दिवस येऊन नवी पुस्तिका नेल्याने वर्ष नव्याने सुरू होत नाही. त्यासाठी सलग तीन महिने तरी जपानबाहेर राहावं लागतं. नाहीतर जपानी लायसन्स काढायचं. त्यासाठी भारतीय लायसन्स मिळाल्यानंतर एकूण तीन महिने भारतात राहिल्याचा पुरावा मागतात, म्हणून जुना पासपोर्ट आईकडे कपाटात ठेवून जाऊ नका.

सहा वर्षांखालच्या मुलासाठी चाइल्ड सीट सक्तीची आहे, ती बुकिंग करतानाच सांगा. गाडी किरकोळ घासली गेली तरी ११० वर पोलिसांना कळवा. पोलिसांकडे नोंद नसेल तर विम्याची भरपाई मिळत नाही.