वृद्धांच्या दीर्घकालीन देखभालीची माहिती: आधी तपासणी, मग संकेतस्थळ

नाशिकमध्ये ‘नर्सिंग होम’ म्हटले की कॉलेज रोडवरचे एखादे छोटे खासगी रुग्णालय डोळ्यांसमोर येते. तिथे बाळंतपण किंवा ऑपरेशन होते आणि चार दिवसांत माणूस घरी येतो. मुंबई इलाख्यात १९४९ साली झालेला नर्सिंग होम नोंदणी कायदाही आपल्याकडे मुख्यतः अशाच रुग्णालयांच्या नोंदणीसाठी वापरला जातो. अमेरिकेत मात्र या शब्दाचा अर्थ अंथरुणाला खिळलेल्या किंवा स्वतःचे स्वतः करू न शकणाऱ्या माणसांनी महिनोन्‌महिने, पुष्कळदा अखेरपर्यंत, राहण्याची जागा असा आहे. अशा जागांची माहिती सामान्य कुटुंबाला घरबसल्या मिळावी, या प्रयत्नाचा इतिहास तिथूनच सांगावा लागतो.

तिथल्या वृद्धांच्या हालअपेष्टांवर १९८६ मध्ये ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन’ या वैद्यक संस्थेचा अहवाल आला आणि पुढच्याच वर्षी, १९८७ मध्ये, सुधारणा कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या प्रत्येक नर्सिंग होमची जास्तीत जास्त पंधरा महिन्यांत एकदा, पूर्वसूचना न देता तपासणी व्हावी आणि राहणाऱ्या प्रत्येकाच्या प्रकृतीची नोंद एकाच ठरावीक नमुन्यात ठेवली जावी, असे त्याने बंधनकारक केले. तपासणीचा ताजा निकाल रहिवाशांना सहज दिसेल अशा जागी लावण्याची अटही त्यात होती. म्हणजे माहिती खुली झाली होती, पण ती वाचण्यासाठी त्या दारापर्यंत जावे लागत असे. १९९८ मध्ये हे निकाल सरकारी संकेतस्थळावर आले, २००२ मध्ये त्यात देखभालीच्या गुणवत्तेचे निर्देशांक जोडले गेले आणि डिसेंबर २००८ पासून एक ते पाच तारे देण्याची पद्धत सुरू झाली.

या ताऱ्यांची पुढची कथा मला फार महत्त्वाची वाटते. तपासणीचे निकाल सरकारी निरीक्षक लिहीत, पण परिचारिका किती आहेत आणि गुणवत्ता कशी आहे याचे आकडे बऱ्याच अंशी संस्थाच देत. त्यामुळे तपासणीत मागे पडलेल्या संस्थाही एकूण श्रेणीत वर चढत. हे वृत्तपत्रांतून उघड झाल्यावर, २०१६ पासून कर्मचाऱ्यांची संख्या पगारपत्रकाच्या आधारे मागवली जाऊ लागली. जर्मनीत अशा संस्थांना २००९ पासून शाळेसारखे गुण दिले जात. तिथे शय्याव्रण, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा, टाळण्यात कमी पडलेली संस्था जेवणाची यादी ठळक अक्षरांत लावून ती उणीव भरून काढू शकते, अशी टीका झाली. जवळजवळ सगळ्याच संस्था ‘उत्तम’ ठरू लागल्या आणि २०१९ मध्ये ती पद्धत बदलावी लागली.

आपल्याकडचा क्रम वेगळा आहे. २०११ च्या जनगणनेत साठीपुढचे सुमारे १०.४ कोटी लोक होते. त्याआधीच, २००७ मध्ये, आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा झाला होता. निराधार ज्येष्ठांसाठी प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० जणांचा एक वृद्धाश्रम राज्याने उभारावा, अशी तरतूद त्याच्या कलम १९ मध्ये आहे. पैसे भरून राहण्याच्या खासगी संस्था आणि घरी माणसे पुरवणारे ब्युरो यांची नोंदणी व किमान निकष मात्र डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात आले, आणि ते विधेयक मंजूर न होताच २०२४ मध्ये ती लोकसभा संपली. दरम्यान २०२१ मध्ये ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन सुरू झाली. तिच्यावरून पत्ता मिळू शकतो, पण ठरावीक काळाने तपासणी करून निकाल जाहीर करण्याची यंत्रणाच नसल्यावर त्या पत्त्यावरची रात्र कशी जाते हे फोनवर कोण सांगणार?

नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेल्या आमच्या मामांना अर्धांगवायू झाला तेव्हा पुण्याला नोकरी करणाऱ्या मामेबहिणीने रात्र-रात्र मोबाइलवर शोध घेतला. एका संस्थेच्या संकेतस्थळावर बाग, तुळशीवृंदावन आणि भजनाचा हॉल यांचे सुंदर फोटो होते. डायपर व औषधे महिन्याच्या रकमेत धरली आहेत का, डिपॉझिट परत मिळते का, रात्री किती मावशी असतात, यातले काहीच नव्हते. आम्ही संध्याकाळी जाऊन विचारले तेव्हा कळले की रात्री संपूर्ण मजल्याला एकच मावशी असते. ज्याला स्वतः कूस बदलता येत नाही, त्याला साधारण दर दोन तासांनी वळवावे लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. एकटीने ते कसे व्हावे? शेवटी मामांना घरीच ठेवले, ब्युरोतून दोन पाळ्यांना मावशी लावल्या आणि मामींनी पलंगाशेजारी एक वही टांगली. कोणत्या वेळी कोणत्या कुशीवर वळवले, पाणी किती दिले, टाचेवरची लाली कमी झाली की वाढली, हे त्या वहीत दोन्ही पाळ्यांच्या मावशी लिहितात, आणि रोज रात्री त्या पानाचा फोटो पुण्याला जातो.