वाफ वर सुटते, रेटा खाली बसतो

कोल्हापूर जिल्ह्यात गळीत हंगाम सुरू झाला की साखर कारखान्यांचे बॉयलर रात्रंदिवस बगॅसवर, म्हणजे उसाच्या चोथ्यावर, धगधगतात. सहवीजनिर्मितीच्या मोठ्या बॉयलरमध्ये वाफेचा दाब हवेच्या दाबाच्या साठपटीहूनही जास्त असतो. वाफेवर फिरून वीज बनवणारं टर्बाइन अचानक ट्रिप झालं, म्हणजे बंद पडलं, तर वाफेची वाट बंद होते, दाब चढतो आणि ठरलेल्या आकड्याला सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो. तो आवाज आसपासच्या शिवारात ऐकू जातो. ऐकू येत नाही तो त्याच क्षणी पाइपला बसणारा रेटा.

मोटार सुरू केल्यावर उसाच्या सरीत मोकळा पडलेला पाइप पाणी सुटताच मागे सरकतो. न्यूटनने १६८७ मध्ये मांडलेला तिसरा नियम तो हाच.

आता हिशेब करू. समजा, व्हॉल्व्हमधून तासाला ३६ टन, म्हणजे सेकंदाला १० किलो वाफ सुटते. बाहेर पडताना तिचा वेग सेकंदाला ५०० मीटर धरला, तर रेटा ५,००० न्यूटन होतो. जवळपास ५०० किलो वजनाएवढा! एवढ्यावर भागत नाही. पाइपच्या तोंडाशी वाफेने ध्वनीचा वेग गाठला की तिथे वेग आणखी वाढू शकत नाही आणि थोडा दाब शिल्लक राहतो. तोंडाच्या क्षेत्रफळावर पडणारा त्याचा जोरही रेट्यात मिळवावा लागतो. शिवाय हा व्हॉल्व्ह क्षणार्धात उघडतो. अचानक आलेल्या भाराने पाइप हिंदकळतो, म्हणून डिझाइन करताना रेटा दुपटीपर्यंत धरतात.

खरा धोका दिशेचा. व्हॉल्व्हमधून आडवी निघालेली वाफ एल्बोमधून, म्हणजे पाइपच्या काटकोनी वळणातून, वर वळते, तेव्हा एल्बो खाली दाबला जातो. एल्बो व्हॉल्व्हपासून जितका लांब, तितका व्हॉल्व्हखालच्या नळीच्या मुळाशी वाकवणारा ताण जास्त. वेल्डिंगला तडा जातो तो तिथेच. म्हणून ती नळी आखूड आणि भक्कम हवी. एल्बोला आधार द्यायचा, पण तापलेल्या पाइपच्या प्रसरणाला वाव ठेवून. घट्ट जखडला तर तोच आधार व्हॉल्व्हवर ताण आणतो. वाफ उंचावर नेऊन सोडणारी वरची व्हेंट पाइपही एल्बोला जोडत नाहीत. ती स्वतंत्र आधारावर, मध्ये फट ठेवून उभी करतात.

व्हॉल्व्ह किती दाबाला उघडतो हे सगळेच कसोशीने तपासतात. माझ्या मते ऑफ सीझनच्या दुरुस्तीत आणखी तीन गोष्टी बघायलाच हव्यात: आधाराचे बोल्ट ढिले झालेत का, नळीच्या मुळाशी तडा आहे का, आणि ती फट गंजाने किंवा राखेने बुजली आहे का.