एक कम्प्युटर बंद पडला की आख्खी रिंग बंद? तसं नसतं!

रिंग टोपोलॉजी म्हणजे कम्प्युटर गोलाकार एकमेकांना जोडायची पद्धत. तिचा तोटा काय, तर एक कम्प्युटर बंद पडला की सगळं नेटवर्क बंद, असं पोरं वर्षानुवर्षं पाठ करतात. पण आयबीएमने १९८५ च्या सुमाराला जी टोकन रिंग (अशाच गोल जोडणीचं नेटवर्क) बाजारात आणली तिच्यात यावर उपाय आधीपासूनच होता. सगळ्या केबली एका मधल्या डब्यात जायच्या, त्यात प्रत्येक कम्प्युटरसाठी एक रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच. कम्प्युटरचं नेटवर्क कार्ड डेटाच्याच तारांमधून थोडं डीसी व्होल्टेज पाठवत राहायचं, त्यावर रिले ओढलेला राहायचा, कम्प्युटर बंद केला की व्होल्टेज गेलं, रिले सुटला आणि रिंग त्याला वगळून परत जोडली गेली.

पण मला यातलं खरं वेड लावतं ते टोकन. टोकन म्हणजे फक्त २४ बिटांचा निरोप, तो रिंगमध्ये गोल फिरतो, ज्याच्या हातात टोकन त्यानेच बोलायचं, त्यामुळे टक्कर होत नाही. आता हिशोब बघा. वेग ४ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला ४० लाख बिट, म्हणजे एका बिटाला पाव मायक्रोसेकंद लागतो. तारेतून सिग्नल सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे एक बिट तारेवर तब्बल ५० मीटर जागा अडवतो! २४ बिटांना झाले १२०० मीटर. आणि ऑफिसातली रिंग असायची दोनशे-तीनशे मीटरची. गोल रुळावर रुळापेक्षा लांब गाडी सोडली तर इंजिन स्वतःच्याच शेवटच्या डब्यावर आदळणार, तसंच हे, टोकन मावतच नाही. मग एक कम्प्युटर मॉनिटर (स्क्रीन नव्हे, देखरेख करणारा) व्हायचा आणि मुद्दाम २४ बिटांचा उशीर रिंगमध्ये घालायचा, म्हणजे तेवढे बिट स्वतःकडे धरून मग पुढे सोडायचा, की बाकी सगळे बंद असले तरी टोकन आरामात फिरेल. टोकन हरवलं तर नवीन सोडायचं कामही त्याचंच, आणि तो स्वतःच बंद पडला तर उरलेले आपसात ठरवून दुसरा मॉनिटर नेमायचे.

महाभारतात इंटरनेट होतं असले फॉरवर्ड पाठवणाऱ्यांना विचारावं, तुमचं टोकन कुठे मावत होतं? माणसांनी असे बारीक हिशोब केले म्हणून नेटवर्क चाललं.

पुढे इथरनेट या नेटवर्कच्या दुसऱ्या, स्वस्त पद्धतीने टोकन रिंगला हटवलं, पण रिंग गेली नाही. टेलिकॉम कंपन्या फायबर अजूनही रिंगमध्ये टाकतात, इथरनेटच्या रिंगमध्ये एक जोड मुद्दाम अडवून ठेवतात म्हणजे डेटा गोल गोल फिरत बसत नाही, आणि जेसीबीने कुठे केबल तोडली की ती अडवलेली जोड उघडून ट्रॅफिक उलट्या बाजूने वळवतात, तेही साधारण ५० मिलिसेकंदांत.