चार्ज मोजला म्हणजे स्टॅटिस्टिक्स मोजलं असं होत नाही

"१९९७ लाच शॉट नॉइजमध्ये एनिऑन सापडले" हे वाक्य परवा पुन्हा एका स्लाइडवर दिसलं आणि डोकं फिरलं. एनिऑन म्हणजे जोरदार चुंबकीय क्षेत्रात पातळ थरातल्या इलेक्ट्रॉनांचा जो द्रव बनतो (फ्रॅक्शनल क्वांटम हॉल अवस्था) त्यातले, ना फर्मिऑन (इलेक्ट्रॉनसारखे) ना बोसॉन (फोटॉनसारखे) असे कण. हे ठरतं स्टॅटिस्टिक्सवरून, म्हणजे कण एकमेकांभोवती फिरले की त्यांची क्वांटम अवस्था कशी बदलते त्यावरून. सापडला होता तो चार्ज हो, एनिऑनपणा नाही!

शॉट नॉइज तुम्हाला येतोच. करंट सुट्या कणांनी वाहतो म्हणून थरथरतो, ती थरथर सरासरी करंटशी ताडून पाहिली की एका कणाचा चार्ज कळतो. थर्मल नॉइज वेगळा, तो करंट नसतानाही असतो, वजा करा आणि पुढे चला. वाइझमन इन्स्टिट्यूट आणि फ्रान्समधली साक्ले प्रयोगशाळा, दोघांनाही १/३ फिलिंगला (चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉनांसाठी असलेल्या जागांपैकी एक तृतीयांश भरलेल्या असताना) इलेक्ट्रॉनच्या एक तृतीयांश चार्ज मिळाला, सिद्धांतकार लाफलिनने १९८३ मध्ये सांगितला होता तोच. फक्त क्वांटम पॉइंट कॉन्टॅक्ट (द्रवातली चिमटून अरुंद केलेली जागा, जिथून कण उडी मारतात) हलकाच आवळायचा, पार आवळला तर मधला द्रव तुटतो आणि अख्खे इलेक्ट्रॉनच उड्या मारतात.

आता खरी गोची. चार्ज एकट्या कणाकडे असतो, स्टॅटिस्टिक्सला मात्र दोघं लागतात. एक कण दुसऱ्याभोवती पूर्ण फेरी मारून जागेवर आला तर त्यांच्या क्वांटम तरंगाची फेज किती सरकली, एवढाच प्रश्न. इलेक्ट्रॉन असो की फोटॉन, उत्तर शून्य. या १/३ च्या एनिऑनना १२० अंश. १९९७ च्या मोजणीत कण तुरळक, एकेकटे उडी मारत होते, कोण कोणाभोवती फिरलं हे तिथे कोणी विचारलंच नाही.

ते विचारलं २०२० मध्ये पॅरिसला. दोन विरळ झोत एका कॉन्टॅक्टवर आणले आणि दोन बाजूंना बाहेर पडणाऱ्या करंटचा क्रॉस-कोरिलेशन नॉइज मोजला, म्हणजे दोन्हींची थरथर एकमेकांशी किती जुळते ते. फर्मिऑन असते तर फानो फॅक्टर (त्या नॉइजचं करंटच्या तुलनेतलं माप) शून्य, मिळाला उणे २ च्या आसपास, २०१६ च्या थिअरीने सांगितला होता तसा. याला 'कोलायडर' म्हणतात, आणि या नावाचा मला मनापासून राग आहे, कारण ऐकणाऱ्याला वाटतं दोन एनिऑन येऊन धडकले. मुख्य परिणाम धडकेचा नाहीच. कॉन्टॅक्टवर टनेलिंग (कणाची पलीकडे उडी) आत्ता होईल किंवा जरा नंतर, या दोन शक्यतांच्या मधल्या वेळात झोतातले जे एनिऑन तिथून निघून जातात त्यांना वेढा पडतो, फेज साठते ती तिथे.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या ग्रुपने नॉइजला हात न लावता, इंटरफेरोमीटरमध्ये (तरंग दोन वाटांनी नेऊन पुन्हा मिसळणारं उपकरण) आतल्या कणांची संख्या एकाने बदलली की फेज कशी उडी मारते ते थेट दाखवलं. मला विचाराल तर शिकवताना आधी फेजच्या त्या उडीचा आलेख दाखवा, नॉइज नंतर.