सुरक्षा खटका, घरगुती उपकरणांचा

सुरक्षा खटका, घरगुती उपकरणांचा : रेफ्रिजरेटर, डीप फ्रीझर, कपडे धुण्याचे किंवा वाळवण्याचे यंत्र अशा बंद कप्प्याच्या उपकरणात लहान मूल शिरले आणि मागे दार लागले, तर ते दार आतून थोड्या जोराने उघडावे यासाठी केलेली दार धरून ठेवण्याची योजना. बाजारात ज्याला ‘चाइल्ड लॉक’ म्हणतात त्याचे काम याच्या अगदी उलट. ते मुलाला उपकरणाबाहेर ठेवते, सुरक्षा खटका आत गेलेल्या मुलाला बाहेर येऊ देतो. प्रस्तुत नोंद सुरक्षा खटक्यापुरती आहे. आजच्या बहुतेक फ्रीजना खटका असा नसतोच, दाराच्या रबरात दडलेली चुंबकपट्टी असते. तरी नियमांच्या भाषेत आणि जुन्या कारागिरांच्या तोंडी खटका हाच शब्द टिकून आहे.

जुना खटका : बर्फाच्या लाकडी पेट्यांना पितळी कडी असे. विजेचे फ्रीज आले तेव्हा तीच कल्पना पोलादात उतरली. दाराच्या कडेला स्प्रिंगवर बसवलेली जीभ आणि चौकटीत तिच्यासाठी खाच किंवा रूळ, अशी ही रचना. जिभेचे टोक तिरके कापलेले असल्याने दार नुसते लोटले तरी ती आपोआप आत सरकून अडके. बाहेरचा दांडा ओढला की जीभ मागे येई. एवढी घट्ट पकड लागण्याचे कारण दाराचे रबर होते. साधे पोकळ रबर दाबले गेल्याशिवाय हवा अडवत नाही, आणि खटका ते सतत दाबून ठेवी. आतल्या बाजूला मात्र मुठीत धरण्यासारखे काहीच नसे, फक्त गुळगुळीत पत्रा. बाहेरून पाच वर्षांच्या मुलालाही लावता येणारे हे दार आतून मोठ्या माणसालाही उघडणे अवघड होते.

धोका चालू फ्रीजपेक्षा बंद पडलेल्या फ्रीजमध्ये अधिक. चालू फ्रीजमध्ये जाळ्या आणि जिन्नस असतात, थंडी असते, घरात माणसांचा वावर असतो. परसात, गच्चीवर किंवा कचऱ्याच्या ढिगावर टाकलेला रिकामा फ्रीज लपाछपीला सोयीचा. दार लागल्यावर हवा बदलत नाही, कार्बन डायऑक्साइड आणि उष्णता साचत जाते, आणि भिंतींतील उष्णतारोधक थर आवाजही गिळतो. शोधणारी माणसे पाच हातांवरून निघून जाऊ शकतात.

अमेरिकेतील कायदा : अशा मृत्यूंची मालिका अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर ठळक झाली, कारण युद्धापूर्वीचे फ्रीज तेव्हा मोठ्या संख्येने टाकून दिले जात होते. २ ऑगस्ट १९५६ रोजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या सहीने ‘रेफ्रिजरेटर सेफ्टी अ‍ॅक्ट’ अस्तित्वात आला. कायदा अगदी छोटा आहे. दार आतून सहज उघडता येईल अशी योजना नसलेला घरगुती फ्रीज आंतरराज्य व्यापारात आणायचा नाही, एवढेच तो सांगतो. भंग केल्यास एक वर्षापर्यंत कैद, १,००० डॉलरपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘सहज’ म्हणजे किती, हे ठरवण्याचे काम वाणिज्य मंत्र्यांकडे सोपवले होते. मानके १९५७ च्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झाली आणि ३० ऑक्टोबर १९५८ पासून बनलेल्या फ्रीजना लागू झाली. पुढे १९७० च्या दशकात हा विषय ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाकडे गेला.

मुलांवरील प्रयोग : कोंडलेले मूल नेमके काय करते हे कोणालाच ठाऊक नसल्याने मानक ठरवण्याआधी ते पाहणे भाग होते. कॅथरीन बेन, मॅरियन फेग्रे आणि रॉबर्ट वायली यांनी केलेली ही पाहणी १९५८ मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. फ्रीजसारख्या बंद जागेची खास प्रतिकृती करून तिच्यात २ ते ५ वर्षांच्या २०१ मुलांना ठेवले गेले आणि सुटकेच्या सहा योजना आजमावल्या गेल्या. त्यांपैकी दोन योजना प्रयोग चालू असताना, मुलांचे वागणे पाहूनच सुचलेल्या होत्या.

निष्कर्ष मोठ्यांच्या अंदाजांना धक्का देणारे निघाले. २४ टक्के मुलांनी बाहेर पडण्याची धडपड जवळपास केलीच नाही, ती बसून राहिली. ३९ टक्क्यांनी हेतुपूर्वक प्रयत्न केला, तर ३७ टक्क्यांनी जोरजोराने हातपाय मारले, काही दाराच्या रोखाने, काही कुठेही. मूल ओरडेल आणि आपल्याला ऐकू येईल, हा घरोघरचा भरवसाही खोटा ठरला. दोन वर्षांच्या मुलांत गप्प राहणारी फक्त ६ टक्के होती, पण पाच वर्षांच्या मुलांत हे प्रमाण ५० टक्के होते. जिथे ढकलण्यानेच दार उघडणार होते तिथेही ६१ टक्के मुलांनीच ढकलले. हाती धरण्याजोगी वस्तू दिली तेव्हा १८ टक्क्यांनी ती ओढली, ९ टक्क्यांनी ढकलली, आणि ४० टक्क्यांनी ती खोलीच्या दाराच्या मुठीसारखी फिरवून पाहिली.

तीन चतुर्थांश मुले तीन मिनिटांच्या आत स्वतः सुटली किंवा सोडवली गेली. जी स्वतः सुटली त्यांतील निम्म्यांना दहा सेकंदही लागले नाहीत. बाहेर आल्यावर एकतृतीयांश मुले शांत होती, सुमारे निम्मी बावरलेली पण लगेच सावरणारी, आणि ११ टक्क्यांना समजावण्यासाठी अधिक मदत लागली. सुमारे आठ महिन्यांनी मातांच्या मुलाखती घेऊन मुलांच्या मनावर काही परिणाम राहिला का, हेही विचारले गेले. आईवडिलांचे एकत्रित शिक्षण जितके कमी तितकी मुलाची सुटका अधिक, असाही एक निष्कर्ष अहवालात आहे. तो पुष्कळदा गमतीने उद्धृत केला जातो, पण एका पाहणीच्या बळावर त्यातून फार काही काढू नये. असा प्रयोग आज कोणत्याही नीतिसमितीपुढे टिकणे कठीण आहे. तरीही मानकातील आकड्यांमागचा आधार तोच आहे.

मानकाचे स्वरूप : अमेरिकी नियमात सुटकेचे पर्याय दिलेले आहेत. पहिला ढकलण्याचा : दाराच्या खटक्याकडील कडेवर आतून कुठेही, दाराला काटकोनात, १५ पौंडांपेक्षा अधिक जोर लागता कामा नये. हा जोर सुमारे ६.८ किलो वजनाइतका, म्हणजे पाच लिटर तेलाचा दीड डबा. दुसरा पर्याय आतल्या मुठीचा : ती कोणत्याही दिशेने फिरवली तरी दार सुटले पाहिजे आणि त्यासाठी ५ इंच-पौंडांपेक्षा जास्त पीळ लागू नये. ४० टक्के मुलांची फिरवण्याची सवय इथे नियमात शिरलेली दिसते. ही योजना ३,००,००० वेळा दार उघडल्या-मिटल्यानंतरही चालली पाहिजे, अशी अट आहे. पंधरा वर्षांच्या वापराचा हिशेब केला तर ते दिवसाला सुमारे ५५ वेळा होते. उन्हाळी सुट्टीत मुले घरी असलेल्या कुटुंबाला हा आकडा अवास्तव वाटणार नाही.

चुंबकपट्टीचे श्रेय : कायद्याने चुंबकी दारे सक्तीची केली, असे सर्रास लिहिले जाते. ते बरोबर नाही. कायद्यात किंवा मानकात चुंबकाची सक्ती कुठेही नाही. दार किती जोराने उघडावे एवढेच सांगितले आहे, कसे धरावे हे उत्पादकावर सोडले आहे. सुरुवातीच्या काळात स्प्रिंगचे गोळे आणि दाबाने सुटणारे रूळ अशा यांत्रिक योजनाही चालत होत्या.

चुंबकपट्टी शक्य झाली ती एका वेगळ्याच संशोधनामुळे. नेदरलँड्समधील फिलिप्सच्या प्रयोगशाळेत १९५० च्या दशकाच्या आरंभी बेरियम फेराइट हे स्वस्त कायमचुंबकी द्रव्य तयार झाले. त्याची भुकटी लवचीक प्लॅस्टिकमध्ये मिसळून लांब पट्टी काढता येते आणि ती पट्टी पोकळ रबराच्या पन्हळीत ओवता येते. या पट्टीचा खरा गुण असा की ती रबराला दाबत नाही, ओढून घेते. चौकट किंचित वाकडी असली तरी रबर तिच्याशी जुळवून घेते, त्यामुळे खटक्याच्या जबरदस्त दाबाची गरजच उरत नाही. पट्टी नेमकी कोणी आणि कोणत्या वर्षी प्रथम फ्रीजला लावली याबद्दल वेगवेगळे दावे आहेत. पन्नाशीच्या दशकाचा मध्य ते उत्तरार्ध हा काळ धरणे सुरक्षित. काही लेखक सारे श्रेय कायद्याला देतात, काही म्हणतात की पट्टी स्वस्त आणि अधिक हवाबंद असल्याने ती तशीही आलीच असती. दुसरे मत अधिक पटण्यासारखे आहे, मात्र कायदा नसता तर खटके इतक्या झपाट्याने गेले असते असे म्हणता येत नाही. फ्रीजमध्ये अडकून होणारे मृत्यू पुढील दशकांत खूप घटले याबद्दल दुमत नाही. त्यात नव्या दारांचा वाटा किती आणि जुने फ्रीज हळूहळू नाहीसे होण्याचा किती, हे वेगळे काढणे अवघड आहे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. दार लावून लगेच पुन्हा उघडू गेले तर ते चिकटून बसल्यासारखे वाटते, तो चुंबकाचा जोर नव्हे. आत शिरलेली गरम हवा थंड होऊन आकसते आणि दाब क्षणभर उतरतो. मिनिटभर थांबले की दार पुन्हा हलके होते. बंद पडलेल्या फ्रीजमध्ये हा परिणाम होत नाही.

कायद्याबाहेर राहिलेल्या वस्तू : १९५६ च्या कायद्यात स्वतंत्र फ्रीझर येत नव्हते. त्यामुळे आपोआप अडकणारे खटके फ्रीझरना फ्रीजपेक्षा बराच काळ अधिक राहिले. वरून झाकण असलेल्या आडव्या फ्रीझरमध्ये झाकणाचे वजनही मुलाला पेलावे लागते. फर्निचरमधील सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतील लेन कंपनीच्या सीडर लाकडाच्या पेट्यांचे. १९१२ ते १९८७ दरम्यान बनलेल्या सुमारे १ कोटी २० लाख पेट्यांचे कुलूप झाकण पडताच आपोआप लागे. १९९६ मध्ये ते बदलून देण्याची मोहीम जाहीर झाली. मोटारींच्या डिकीचा प्रश्न याच जातीचा. १९९८ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत तीन घटनांत ११ मुले डिकीत अडकून दगावली आणि १ सप्टेंबर २००१ पासून नव्या मोटारींच्या डिकीला आतून सुटण्याची योजना सक्तीची झाली.

धुलाई यंत्रे : समोरून दार असलेल्या यंत्रात पेच अवघड आहे. यंत्र चालू असताना दार उघडता कामा नये, नाहीतर पाणी बाहेर येईल किंवा फिरत्या ड्रममध्ये हात जाईल. म्हणून चालू केल्यावर ‘टक’ असा आवाज करून विजेवर चालणारे कुलूप लागते. धुणे संपल्यावरही दार मिनिटभर सुटत नाही, कारण कुलपातील तापलेली द्विधातू पट्टी (दोन धातूंची जोडपट्टी, जी तापल्यावर वाकते) थंड व्हावी लागते. पण यंत्र बंद असताना नुसते लोटलेले दार आतून उघडले पाहिजे. दक्षिण कोरियात एक मूल ड्रममध्ये दगावल्यानंतर २०१० मध्ये दहा लाखांहून अधिक यंत्रांचे खटके आतून उघडणारे करून देण्यात आले.

आंतरराष्ट्रीय मानक व भारत : आयईसी (आंतरराष्ट्रीय विद्युत्-तंत्र आयोग) या संस्थेच्या फ्रीजसाठीच्या ६०३३५-२-२४ या मानकानुसार, जाळ्या काढल्यावर ६० लिटरहून मोठी मोकळी जागा उरत असेल तर दार आतून ७० न्यूटनपर्यंतच्या जोराने उघडले पाहिजे. हा जोर अमेरिकी १५ पौंडांच्या जवळपास तितकाच आहे. किल्लीच्या कुलपासाठीही अट आहे : कुलूप लावायला दोन स्वतंत्र हालचाली लागाव्यात, किंवा कुलूप उघडताच किल्ली आपोआप बाहेर यावी. भारतीय मानक ब्यूरोची आयएस ३०२ ही मालिका याला समांतर आहे. भारतात फ्रीजचे उत्पादन गोदरेजने १९५८ मध्ये सुरू केले, म्हणजे अमेरिकी मानक लागू झाले त्याच वर्षी.

जुन्या फ्रीजला बाहेर ओढायचा दांडा आहे म्हणून आत खटका असेलच असे नाही. चौकटीच्या आतल्या कडेवरून बोट फिरवावे. जिभेची खाच किंवा रूळ हाताला लागला तर खटका यांत्रिक आहे, सलग पत्रा लागला तर चुंबकी.

टाकून दिलेली उपकरणे : कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेतील कलम ४०२ बी नुसार दीड घनफूट किंवा त्याहून मोठा फ्रीज, फ्रीझर, धुलाई यंत्र वा वाळवणी यंत्र मुलांच्या आवाक्यात टाकायचे असल्यास आधी दार काढावे लागते, किंवा बिजागऱ्या आणि खटका काढून दार अडकणार नाही असे करावे लागते. उत्पादकांच्या पुस्तिकांतही टाकण्यापूर्वी दार काढा आणि जाळ्या जागेवर ठेवा, अशी सूचना असते. आपल्याकडे भंगारवाला फ्रीज नेतो तो काँप्रेसर आणि तांब्याच्या नळीसाठी. ती निघाल्यावर उरलेला सांगाडा कधी दारासकट गल्लीत पडून राहतो, कधी खेड्यात धान्य किंवा कपडे ठेवायला कपाट म्हणून जातो. दार वरच्या बिजागरीच्या दोन-तीन स्क्रूंवर धरलेले असते. ते काढले की दार वर उचलून खालच्या खुंटीवरून निघते.